स्पॅममध्ये पडलेली मेल कायद्याने 'पोचलेली' असते

वाळूज एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्याचा मेल सर्व्हर मी काही वर्षं सांभाळत होतो. गाड्यांचे सुटे भाग बनवणारा कारखाना, माणसं पन्नासेक. एका सोमवारी सकाळी मालकांचा फोन आला. "भैया, कंपनीवाले म्हणतायत ड्रॉइंग बदलल्याची मेल पाठवून आठवडा उलटला. आपल्या स्टोअरवाल्याकडं तर काहीच आलेलं नाही. माल जुन्याच ड्रॉइंगचा गेला."

मी सर्व्हरचा लॉग, म्हणजे त्याची आपोआप होणारी नोंदवही, उघडला. मेल आली होती. नऊ दिवसांआधीच्या शनिवारी रात्री साडेअकराच्या सुमारास समोरच्या कंपनीच्या सर्व्हरने ती आमच्या दाराशी आणली, आमच्या सर्व्हरने 'घेतली' म्हणून पोच दिली आणि दोनच सेकंदांनी फिल्टरने ती पुसून टाकली. झिप फाईल जोडलेली, विषयाच्या ओळीत 'अर्जंट', रात्रीची वेळ. एवढ्यावरून स्पॅमचे गुण, म्हणजे मेल किती संशयास्पद याचे फिल्टर देतो ते गुण, मर्यादेबाहेर गेले. पाठवणाऱ्याला वाटलं पोचली, घेणाऱ्याला पत्ताच नाही. 'मर्यादा ओलांडली की पुसून टाक' हा नियम मीच लावला होता, कारण रोजच्या कचऱ्याला सगळे वैतागले होते.

माल परत आला, भुर्दंड मालकांनी सोसला, प्रकरण बोलाचालीने मिटलं. ते कोर्टात गेलं असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न मात्र मला सोडेना. तेव्हा मी कायदा उघडून बसलो. जे कळलं ते आपल्याकडे मेल सांभाळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवं, म्हणून हा लेख.

'मेल सांभाळणारा' म्हणजे कोण? मोठ्या शहरात त्याला पदनाम असतं, केबिन असते. आपल्याकडे कॉलेजात तो लॅब असिस्टंट असतो, पतसंस्थेत कॉम्प्युटर ऑपरेटर, साखर कारखान्यात ईडीपी म्हणजे संगणक विभागातला एखादा, जालन्याच्या बियाणे कंपनीत 'जरा कॉम्प्युटरचं बघणारा' पोरगा. नेमणूकपत्रावर 'ॲडमिन' हा शब्दही नसतो. पण फिल्टरचा पासवर्ड ज्याच्याकडे आहे, कोणती मेल आत येईल आणि कोणती नाही हे ज्याच्या हातात आहे, त्याच्याकडेच उद्या बोट दाखवलं जातं.

पहिली गोष्ट समजून घ्या. भारतात ईमेल स्पॅमवर स्वतंत्र कायदा नाही. अमेरिकेत तो १ जानेवारी २००४ पासून लागू आहे. आपल्याकडे नको असलेल्या फोन आणि एसएमएसवर दूरसंचार नियामक ट्रायचे नियम आहेत, पण ईमेल त्यात येत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ मध्ये त्रास देण्यासाठी किंवा पाठवणाऱ्याबद्दल दिशाभूल करण्यासाठी केलेल्या ईमेलचा उल्लेख होता. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात घटनाबाह्य ठरवून रद्द केलं, आणि ते योग्यच होतं, कारण त्याचा वापर लोकांची तोंडं बंद करायला होत होता. त्यामुळे 'स्पॅम कसा गाळावा' हे सांगणारं एकही कलम तुम्हाला सापडणार नाही. जबाबदाऱ्या आहेत, पण त्या वेगवेगळ्या कायद्यांत विखुरलेल्या आहेत.

त्यातली सगळ्यात दुर्लक्षित तीच सगळ्यात महत्त्वाची आहे.

आवक शिक्का पडला की पडला

माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी लागू झाला. त्याचं कलम १३ इलेक्ट्रॉनिक पत्र केव्हा 'मिळालं' असं धरायचं ते सांगतं. दोन्ही पक्षांत वेगळा करार नसेल तर नियम असा: तुम्ही एखादा पत्ता पत्र स्वीकारण्यासाठी नेमून दिला असेल, तर पत्र त्या संगणक यंत्रणेत शिरलं त्या क्षणी ते मिळालं. वाचलं तेव्हा नाही, इनबॉक्समध्ये दिसलं तेव्हाही नाही.

तहसील कार्यालयाची बारनिशी आठवा. तुम्ही अर्ज घेऊन खिडकीशी उभे आहात. कारकून म्हणाला, "हा इथला विषय नाही, घेत नाही," तर अर्ज तुमच्या हातात राहतो. तुम्ही वरच्या साहेबाकडे जाता, दुसऱ्या खिडकीशी जाता, काहीतरी करता. पण त्याने आवक क्रमांक टाकला, शिक्का मारला, पोच दिली, की अर्ज त्या कचेरीचा झाला. मग तो टेबलावर असो, कपाटामागे पडलेला असो, नाहीतर रद्दीत गेलेला असो. "साहेबांपर्यंत आलाच नाही" हे उत्तर चालत नाही.

मेल सर्व्हरच्या दारातही हेच घडतं, फक्त सेकंदभरात. समोरचा सर्व्हर येतो आणि आपण कोण ते सांगतो. मग कोणाकडून, कोणासाठी हे सांगतो, मग पत्र पुढे करतो. आता आपल्या सर्व्हरने उत्तर द्यायचं असतं, आणि ते आकड्यात असतं. '२५०' म्हणजे घेतलं. '५५०' म्हणजे घेत नाही. चारशेच्या घरातला आकडा म्हणजे आत्ता नाही, थोड्या वेळाने या. मेलची देवाणघेवाण जगभर ज्या तांत्रिक नियमावलीवर चालते, त्या आरएफसी ५३२१ मध्ये स्पष्ट लिहिलंय की २५० म्हटलं की ते पत्र पोचवायची किंवा पोचवता आलं नाही तर कळवायची जबाबदारी घेणाऱ्याची. ही नियमावली म्हणजे कायदा नव्हे. पण तंत्राचा नियम आणि कलम १३ एकाच क्षणावर बोट ठेवतात, तो क्षण म्हणजे आत शिरणं.

माझी चूक तिथेच होती. मी २५० म्हणून पत्र घेत होतो आणि मग फेकत होतो. पाठवणाऱ्याकडे पोच होती, आमच्याकडे पत्र नव्हतं. वाद लागला असता तर कलम १३ त्यांच्या बाजूने उभं राहिलं असतं आणि आमच्याच लॉगने त्यांची साक्ष दिली असती.

म्हणून फिल्टर लावताना मी आता दोनच रस्ते मानतो. खात्रीचा स्पॅम असेल तर दारातच ५५० म्हणून परत लावायचा. मग पाठवणाऱ्याचा सर्व्हर त्याला कळवतो की पत्र गेलं नाही. तो खरा ग्राहक असेल तर फोन उचलतो. आणि शंका असेल तर पत्र घ्यायचं, पण ते क्वारंटाइनमध्ये, म्हणजे बाजूच्या कोठीत, जपून ठेवायचं आणि ज्याचं आहे त्याला दिसेल अशी सोय करायची. घेऊन गुपचूप पुसणं हा तिसरा रस्ता बंद. व्हायरस असलेली फाईल अर्थातच आत येऊ द्यायची नाही, पण तीही दारातच नाकारा. आधी घेऊन मग तासाभराने 'परत' पाठवणंही बरोबर नाही. स्पॅमवर पाठवणाऱ्याचा पत्ता बहुतेक वेळा चोरलेला असतो. तुमचं परतीचं पत्र तिसऱ्याच निरपराध माणसाच्या डोक्यावर आदळतं.

इथे एक पोटमुद्दा आहे. बऱ्याच ठिकाणी 'आपली मेल मिळाली, धन्यवाद' असं आपोआप जाणारं उत्तर लावलेलं असतं. कलम १२ नुसार पोच कशी द्यायची हे पाठवणाऱ्याने ठरवून दिलं नसेल, तर असं यंत्राने दिलेलं उत्तरही पोच ठरतं. म्हणजे फिल्टरने मेल अडवली आणि दुसऱ्या बाजूने यंत्राने पोच धाडली, तर आपणच आपल्या विरुद्ध लिहून दिल्यासारखं होतं. ऑटो-रिप्लाय फिल्टरच्या आधी चालतो की नंतर, हे आजच तपासा.

मोंढ्यातल्या व्यापाऱ्याला हे कसं भोवतं बघा. जीएसटी कायद्याचं कलम १६९ सांगतं की नोंदणीच्या वेळी दिलेल्या ईमेलवर पाठवलेली नोटीस म्हणजे रीतसर बजावलेली नोटीस. लातूरच्या एखाद्या आडत दुकानाचा नोंदणीचा पत्ता बहुतेक मुनीमजींनी किंवा कर सल्लागाराने कधीतरी टाकलेला असतो. नोटीस स्पॅममध्ये गेली तरी उत्तराची मुदत चालू झालेली असते. ती मुदत वाया जाऊ नये यासाठी सरकारी पत्ते फिल्टरच्या 'विश्वासू' यादीत टाकणं हे ॲडमिनचं काम. पण नुसतं नाव बघून नाही. सरकारी नावाने येणारी खोटी मेलही भरपूर असते, म्हणून पत्ता खरा आहे याची तांत्रिक खूण पटली तरच आत.

मराठीबद्दल मला विशेष सांगायचंय. काही फिल्टरांत 'अमुक भाषेतली मेल स्पॅम धरा' अशी सोय असते. कुणीतरी उत्साहात इंग्रजी सोडून सगळं बंद करतं. मग हिंगोलीच्या शेतकऱ्याने पीककर्जाबद्दल मराठीत लिहिलेलं पत्र बँकेच्या शाखेत पोचतच नाही. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नुसार मराठी ही या राज्याची राजभाषा आहे. तिच्यात लिहिलेली तक्रार मशीनने कचरा म्हणून फेकावी, हे मला सहन होत नाही. तुमच्या फिल्टरची भाषेची सेटिंग एकदा उघडून बघा. त्याला दोन मिनिटं लागतात.

परवानगी कोणाची

माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ म्हणतं की संगणकाच्या मालकाच्या किंवा ताबा असणाऱ्याच्या परवानगीशिवाय त्यातली माहिती पुसली, बदलली, किंवा हक्काच्या माणसाला ती मिळू दिली नाही, तर नुकसानभरपाई द्यावी लागते. पाच कोटी रुपयांपर्यंतच्या दाव्याची चौकशी राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव न्यायनिर्णय अधिकारी म्हणून करतात. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केलं असेल तर कलम ६६ लागतं आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

याचा अर्थ स्पॅम गाळणं गुन्हा आहे असा नाही. सर्व्हर कंपनीचा, फिल्टर कंपनीच्या सांगण्यावरून लावलेला, तर परवानगी आहेच. घोडं अडतं ते तोंडी कारभारात. "त्या अमक्याच्या मेल बंद कर रे," असं कोणीतरी जाता जाता सांगतं, ॲडमिन बंद करतो, आणि सहा महिन्यांनी तो अमका निघतो निविदा भरलेला ठेकेदार, नाहीतर थकीत पगारासाठी पत्र लिहिणारा कामगार. सांगणारा हात वर करतो. म्हणून कोणाचा पत्ता अडवायचा असेल तर दोन ओळींची मेल मागा: कोणी सांगितलं, कशासाठी, किती दिवसांसाठी. तुमच्या आणि समोरच्याच्याही संरक्षणासाठी ही दोन ओळींची नोंद फार मोलाची आहे. आणि प्रकरण कोर्टात जाणार हे दिसत असताना पुरावा ठरणारी मेल मुद्दाम नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेखाली स्वतंत्र गुन्हा आहे. तिथे 'फिल्टरने केलं' ही सबब अंगाशी येईल.

तुम्ही स्वतःच्या कंपनीपुरते नाही, तर इतरांना मेल सेवा देत असाल, म्हणजे संभाजीनगरात दुकान थाटून वीस-पंचवीस लहान धंद्यांची मेल चालवत असाल, तर माहिती तंत्रज्ञान कायदा तुम्हाला 'मध्यस्थ' म्हणतो. दुसऱ्याच्या वतीने पत्र घेणारा, ठेवणारा, पुढे पाठवणारा तो मध्यस्थ. लोकांनी पाठवलेल्या मजकुराबद्दल तुम्हाला दोषी धरू नये यासाठी कलम ७९ चं छत्र आहे. पण त्यात अट आहे की तुम्ही पत्र कोणाला जायचं ते निवडू नये आणि आतला मजकूर निवडू किंवा बदलू नये. मग फिल्टर म्हणजे निवड नाही का? हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. २०२१ च्या मध्यस्थ नियमावलीने त्यावर काहीसा दिलासा दिलाय. नियमांत नमूद केलेल्या प्रकारचा बेकायदा मजकूर तुम्ही स्वतःहून किंवा तक्रारीवरून काढला, तर तेवढ्याने ते छत्र जात नाही. मात्र फसवणुकीची मेल अडवणं वेगळं आणि एखाद्याच्या धंद्याची जाहिरात मला आवडत नाही म्हणून अडवणं वेगळं. दुसऱ्या प्रकारासाठी ग्राहकाशी केलेल्या करारात फिल्टरचा उल्लेख असू द्या, आणि त्याला फिल्टर स्वतः सैल किंवा कडक करता येऊ द्या. निर्णय त्याच्या हातात गेला की तुमचं ओझं बरंच हलकं होतं.

उघडलेलं पाकीट

फिल्टर मेल 'वाचतो' तो यंत्र म्हणून. त्यात गैर काही नाही. पण क्वारंटाइनमध्ये अडकलेली मेल सोडायची की नाही हे ठरवताना ॲडमिनला ती उघडावीशी वाटते, आणि इथे फार जपायला हवं. मी एकदा अशीच एक मेल उघडली. विषयाच्या ओळीत फक्त 'रिपोर्ट' होतं, खाली पीडीएफ. ती एका कामगाराच्या बायकोच्या तपासणीचा अहवाल निघाली, दवाखान्यातून आलेली. मी लगेच बंद केली, पण वाचायचं ते वाचून झालं होतं. तो माणूस रोज मला गेटवर नमस्कार करायचा.

तेव्हापासून मी फक्त पाठवणारा, विषय, वेळ आणि गुण एवढंच बघतो. आत डोकावायचं असेल तर ज्याची मेल आहे त्याला विचारून. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. सेवेच्या कराराखाली हाती आलेली खाजगी माहिती संबंधिताच्या संमतीशिवाय, त्याचं नुकसान करण्याच्या किंवा गैरफायद्याच्या हेतूने, दुसऱ्याला उघड केली तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७२अ खाली तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. स्पॅमचा नमुना म्हणून एखादी मेल बाहेरच्या ग्रुपवर टाकताना खालचा नाव-पत्ता-खातेक्रमांक झाकला का, हे तपासायची सवय लावा.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा यात आणखी भर घालतोय. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत. माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. ही जबाबदारी संस्थेची आहे, कारकुनाची नाही. फिल्टरचं काम बाहेरच्या कंपनीला दिलं तरी ती संस्थेचीच राहते, म्हणून त्या कंपनीशी लेखी करार हवाच. या कायद्यातली एक गोष्ट मला मनापासून आवडली. संमती मागताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचायची सोय द्यावी लागते, म्हणजे मराठीतही. कामगाराला 'तुमची कंपनीची मेल यंत्रातून गाळली जाते, अडकलेली मेल इतके दिवस ठेवली जाते' हे त्याच्या भाषेत सांगायला आत्तापासूनच सुरुवात करायला काय हरकत आहे?

सहा तास, १८० दिवस

फिल्टरमधून सुटलेल्या एखाद्या फसव्या मेलने घात केला तर? समजा, जालन्याच्या स्टील रोलिंग मिलच्या खरेदीदाराला मिलच्याच नावाने मेल जाते: 'आमचं बँक खातं बदललंय, पुढचे पैसे या खात्यात टाका.' पैसे गेले. अशा वेळी पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लगेच, कारण पैसे पुढे सरकण्याआधी खातं गोठवता आलं तरच काही हाती लागतं. आणि संस्थेची दुसरी जबाबदारी सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय यंत्रणेला कळवायची. २८ एप्रिल २०२२ च्या त्यांच्या आदेशानुसार, नावाचा गैरवापर आणि फिशिंग (खोट्या मेलने माहिती उकळणं) यांसह ठरावीक सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवाव्या लागतात. लॉग १८० दिवस जपून ठेवायचे, सर्व्हरची घड्याळं प्रमाणित वेळेशी जुळलेली ठेवायची. हे खाजगी कंपन्यांना आणि सरकारी कचेऱ्यांना, दोघांनाही आहे.

घड्याळाचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण नाही. आमच्या त्या सर्व्हरचं घड्याळ अकरा मिनिटं पुढे होतं. मेल साडेअकराला आली की अकरा एकोणीसला, यावर उद्या मुदतीचा निकाल लागू शकतो.

आपल्या नावाने खोटी मेल जाऊ नये याची व्यवस्थाही ॲडमिनकडेच. आपल्या नावाने टपाल न्यायला कोणत्या सर्व्हरला मुभा आहे याची जाहीर यादी म्हणजे एसपीएफ. पाकिटावरची लाखेची मोहोर म्हणजे डीकेआयएम. मोहोर आणि यादी, दोन्ही जुळली नाहीत तर काय करा, ही सूचना म्हणजे डीमार्क. रोज पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांना फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने या तिन्ही गोष्टी सक्तीच्या केल्या. निकालाची किंवा फीची मेल हजारो पालकांना धाडणाऱ्या लातूरच्या क्लासेसनी हे केलं नसेल, तर दुसऱ्यांचे फिल्टर त्यांनाच स्पॅम ठरवणार.

पोलीस ठाण्यातून फोन आला, "अमक्याच्या मेल पाठवून द्या," तर घाबरून लगेच देऊ नका आणि उर्मटपणे नाकारूही नका. लेखी आदेश मागा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली ठाण्याचे प्रभारी अधिकारी तो देऊ शकतात. आदेश आला की त्यात मागितलं तेवढंच द्या आणि दिल्याची नोंद ठेवा. लॉग कोर्टात जायचा असेल तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्यात त्या संगणकाचा कारभार पाहणाऱ्याची सही असते. म्हणजे तुमची. ज्या लॉगवर सही करणार तो आपण स्वतः बघितलेला असावा.

वाळूजच्या त्या कारखान्यात आम्ही शेवटी काय केलं ते सांगतो. गुपचूप पुसण्याचा नियम काढला. अडकलेली मेल तीस दिवस कोठीत ठेवायला लागलो. दररोज सकाळी साडेनऊला प्रत्येकाला एक यादी जाते: काल रात्री तुमच्या नावाच्या या मेल अडवल्या, हवी असेल ती सोडवा. पाठवणारा आणि विषय एवढंच त्यात, मजकूर नाही. मालकांनी एका पानाचं मराठी परिपत्रक काढून सगळ्यांच्या सह्या घेतल्या, ते माझ्या फाईलला आहे. स्टोअरचे काका पहिले काही दिवस कुरकुरले की रोज काय हे वाचत बसायचं. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी फोन केला. यादीत एक मेल होती, झिप फाईलची, रात्री आलेली. नवं ड्रॉइंग होतं.